बाई, तुम्ही खाली बसा

आईच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला तेव्हा ती राजुरीला भावाकडं होती. ऑपरेशन मंचरला करायचं ठरलं. मी शिनोलीची, आणि शिनोलीहून मंचर एका गाडीचा रस्ता, म्हणून महिनाभर तिनं माझ्याकडं राहावं असं भावानंच सुचवलं. त्याच्या पिकअपमधून तो तिला एका रविवारी आणून सोडून गेला. सोबत एक गाठोडं, बाजरीचं पीठ आणि तिचं आधारकार्ड, प्लास्टिकच्या पिशवीत दोनदा गुंडाळलेलं.

त्या आधारकार्डाचं तिला फार कौतुक होतं. पंचाहत्तरी ओलांडल्यामुळं तिला एसटीचा प्रवास फुकट झाला होता. मी म्हणाले, "आई, ऑपरेशनच्या दिवशी तरी रिक्षा करू. गाडीला लई गर्दी असते."

"गाडी फुकाट असताना रिक्षा कशाला? येडी का काय तू?"

माझे मालक चाकणला कंपनीत आहेत, त्यांना शिफ्ट सोडून येता येत नव्हतं. भावाचा टोमॅटो चालू होता. मीही फार ताणून धरलं नाही. गेली वीस वर्षं मी याच रस्त्यानं मंचरला नोकरीला जाते, तिथल्या एका शाळेच्या कार्यालयात लेखनिक आहे. मला वाटलं, माझीच गाडी, माझाच रस्ता, आपण आईला नीट नेऊ.

पहिल्या दिवशी नुसती तपासणी होती. भीमाशंकरहून येणारी गाडी शिनोलीत पोचते तेव्हा ती आधीच भरलेली असते. देवदर्शनाला गेलेली माणसं, वरच्या वाड्यावस्त्यांवरची माणसं, कॉलेजची पोरं. आम्ही कसंबसं चढलो. दारापासून तिसऱ्या सीटवर, खिडकीच्या वर, 'ज्येष्ठ नागरिक' असं लाल अक्षरात लिहिलेलं. खाली पस्तिशीचा एक माणूस कानात वायरी घालून बसलेला आणि शेजारच्या जागेवर त्याची बॅग.

मी म्हणाले, "भाऊ, बॅग घ्या जरा. आई बसंल."

त्यानं एका कानातली वायर काढली. "येतंय कोणतरी."

"कोण येतंय?"

"घोडेगावला चढणारे."

घोडेगाव आलं, गेलं. कुणी चढलं नाही. मी पुन्हा म्हणाले तर त्यानं बॅग मांडीवर घेतली आणि स्वतः पाय पसरून दोन्ही जागांच्या मधोमध सरकला. आता ज्याला बसायचं त्यानं त्याला ढकलून बसावं. मी तोंड उघडणार तेवढ्यात आईनं माझ्या दंडाला चिमटा काढला. चिमटा चांगला जोरात होता. आणि मी बघते तोवर ती दाराजवळच्या मोकळ्या जागेत खाली बसली सुद्धा. आपली पिशवी पायांत घेऊन, गुडघे जवळ ओढून, पाठ दाराच्या दांडीला लावून. जणू ती जागा तिच्या नावानं राखून ठेवली होती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडीत माझ्या शाळेतली दोन मुलं होती. ओळखीच्या दोन बाया होत्या. त्या सगळ्यांसमोर माझी आई गाडीच्या फरशीवर, लोकांच्या चपलांच्या उंचीवर बसली होती. मी तिला दोनदा उठायला सांगितलं. ती म्हणाली, "बरं हाये मला. वारं लागतंय."

मंचरला उतरल्यावर मी तिच्यावरच तडकले. "आई, तू खाली कशाला बसलीस? ती सीट तुझी होती. सरकारनं लिहून ठेवलंय वर."

"तो मानूस बसलेला ना तिथं."

"तो कसा काय बसला, तेच तर म्हणते मी."

"अगं, बसला तर बसला. उठवायचं कशाला?"

त्या आठवड्यात मी रोज नोकरीला जाताना गाडीतल्या माणसांकडं नव्यानं बघायला लागले आणि जसजशी बघत गेले तसतशी चिडत गेले. वीस वर्षांपूर्वी मी या रस्त्यावर उभ्यानं जायचे तेव्हा बसलेला माणूस काही न बोलता हात पुढं करायचा, "द्या इकडं पिशवी." अनोळखी माणसाच्या मांडीवर माझा डबा, माझी पर्स, पावसाळ्यात ओली छत्रीसुद्धा मंचरपर्यंत जायची. कडेवर पोर असलेली बाई चढली की पोर आधी सीटवर पोचायचं, बाई मागून. आता पोर घेऊन बाई उभी असते आणि तिच्या कमरेच्या पातळीवर आठ-दहा फोन चालू असतात, प्रत्येकाचं गाणं वेगळं. कुणी हिंदीत भांडतंय, कुणी हसतंय, कुणी फोन तोंडासमोर आडवा धरून ओरडून बोलतंय, "हां, बोल ना, गाडीत हाये." खिडकीतून थुंकणारा पुढं बसतो आणि ते मागच्या खिडकीत येतं. त्याला सांगितलं तर तो म्हणतो, काच लावा ना.

बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून आणखी एक नवी गोष्ट सुरू झाली होती. कंडक्टरनं मशीनमधून तिकीट काढून बाईच्या हातात दिलं की कुणीतरी पुरुष हमखास काहीतरी बोलणार. "हाफवाल्यांनी उभं राहायचं" किंवा "घरात बसवंना आता यांना". हसत बोलायचं, म्हणजे राग धरता येऊ नये. मी राग धरायचे. रोज धरायचे, आणि रोज घरी घेऊन यायचे.

पण खरं लिहायचं तर मीही काही धुतल्या तांदळासारखी नव्हते. मंचरच्या स्टँडवर गाडी लागली की मी खिडकीतून आत पर्स टाकून जागा धरायला शिकले होते. आधी लाज वाटायची. मग वाटेनाशी झाली.

ऑपरेशनच्या दिवशी सगळं व्यवस्थित झालं. दुपारी दीडच्या सुमाराला आईच्या डोळ्यावर पट्टी, तिच्यावर प्लास्टिकची वाटी आणि वरून काळा चष्मा, असं तिला माझ्या हातात दिलं. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, धूळ आणि धक्का लागू द्यायचा नाही. दुसऱ्या डोळ्यानंही तिला धूसरच दिसत होतं. ती माझा दंड धरून एकेक पाऊल टाकत होती. रिक्षावाल्यासमोर मी थांबले तर म्हणाली, "तू पयलं स्टँडवर चल."

स्टँडवर गाडी लागली आणि माणसं दाराला झोंबली. मी आईला खांबाला धरून उभं केलं, धावत गेले आणि दुसऱ्या खिडकीतून पर्स आत टाकली. त्या खिडकीशी, आत, एक तरुण बाई बाळाला घेऊन नुकतीच पोचली होती. ती बसायला वाकली आणि माझी पर्स बरोबर तिच्या खाली पडली. तिनं वर बघितलं. मी बाहेरून ओरडले, "जागा धरलीय! पेशंट हाये माझ्याबरोबर!" मग ती बाळाला खांद्यावर घेऊन बाजूला झाली.

आईला आणून त्या जागेवर बसवलं. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, त्यामुळं मी उभी, आणि माझ्या शेजारी ती बाळवाली बाई उभी. गाडी सुटली. मी खिडकीबाहेर बघत राहिले. आईनं चष्म्याखालून वर मान केली, त्या बाईच्या हातातली पिशवी चाचपडून ओढून घेतली आणि मांडीवर ठेवली.

"कुठली ग तू?"

बाईनं तळेघरच्या पलीकडचं गाव सांगितलं. बाळाला खोकला होता, म्हणून मंचरला दाखवायला आणलं होतं. आई म्हणाली, "ये, हितं टेक. मी सरकते." आणि ती सरकायला लागली. मी म्हणाले, "आई, हलू नकोस, डॉक्टरांनी काय सांगितलंय?" तरी ती सरकली, दोघांच्या सीटवर तिघं झाले, आणि बाईला मधे घेऊन आई स्वतः कडेला अर्धी बाहेर आली. ज्या वेगानं गाडी वळणं घेत होती त्या वेगानं ती केव्हाही खाली पडली असती.

पाठीमागून आवाज आला. "फुकाटवाल्यांनी अन् हाफवाल्यांनी सीटा भरल्यावर आमी पैसं भरून काय टपावर बसायचं का?"

मी वळले. पन्नाशीचा माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. उभाच होता, माझ्यासारखाच. शेजारचे दोघेतिघे हसले.

"काय म्हणालात?" मी म्हणाले.

"तुमाला न्हाई म्हनलं. जनरल बोललो."

"जनरल कुणाला? इथं डोळ्याचं ऑपरेशन झालेली बाई बसलीय. दिसत नाही का तुम्हाला? का तुमच्याच डोळ्याला पट्टी बांधलीय?"

"ओ म्याडम, आवाज खाली. पेशंट हाये तर रिक्षा करा ना. फुकाट हाये म्हनून म्हातारी मान्सं गाडीत कोंबायची, हे काय?"

"तुमच्या आईलाही असंच बोलता का?"

तो म्हणाला, "माझी आई फोरव्हीलरनं फिरते." आणि सगळी गाडी हसली.

ते हसू मला अजून ऐकू येतं. त्याच्या बोलण्यानं मला जेवढं लागलं नाही तेवढं त्या हसण्यानं लागलं. त्यात माझ्या ओळखीची माणसं होती. मग मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्याच्या फोरव्हीलरवरून बोलले, त्याच्या शर्टावरून बोलले, हसणाऱ्यांच्या घरच्या वळणावरून बोलले. तोही बोलला. पुढच्या सीटवरचे दोघे माझ्या बाजूनं उठले, मागचे तिघे त्याच्या बाजूनं. कुणाचं तरी बाळ रडायला लागलं, बहुतेक तेच खोकल्याचं. आई माझी ओढणी ओढत होती आणि मी ती सोडवून घेत होते.

कंडक्टर बाई होत्या, तिशीच्या असतील. गर्दीतून वाट काढत आल्या. "ताई, बास करा आता. एक तर गप बसा, न्हाईतर खाली उतरा. डायवरला गाडी चालवू द्या."

"मी उतरू? मी? यांना सांगा की!"

"मी दोघांना बी सांगतीये."

"उतरतेच मी," मी म्हणाले. "मारा बेल."

मी तसं का म्हणाले हे मला आजही सांगता येत नाही. वाटलं असेल की कुणीतरी म्हणेल, अहो राहू द्या, म्हातारं माणूस आहे, कुठं उतरता. कुणी म्हणालं नाही. बेल वाजली. गाडी थांबली. मी आईला दंडाला धरून उठवलं, पायऱ्या उतरवल्या, आणि गाडी धूळ उडवून निघून गेली.

आई रस्त्याच्या कडेला उभी राहिली, मान इकडंतिकडं वळवली आणि म्हणाली, "आलं व्हय शिनोली?"

शिनोली नव्हती. घोडेगावसुद्धा दहा मिनिटं पुढं होतं. दोन्ही बाजूंना कांद्याची रानं, एक मोरी, मोरीचा कठडा आणि एक वाळकी बाभूळ. उन्हाळ्याचं ऊन नव्हतं, पण दुपारचं होतं.

मी सांगितलं तेव्हा तिला आधी कळेचना. मग कळलं. ती कधी मोठ्यानं बोलत नाही, तेव्हाही बोलली नाही. "तुझ्या रागापायी मला उतारलंस," एवढंच म्हणाली.

मी तिला कठड्यावर बसवलं, माझी ओढणी तिच्या डोक्यावर धरून उभी राहिले. रडायला येत होतं. पण तिच्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी बोलत राहिले. माणसं किती बिघडली, पूर्वी असं नव्हतं, पूर्वी लोकांना लाज होती, म्हाताऱ्या माणसाला बघून माणूस आपोआप उठायचा. पूर्वीच्या माणसांना वळण होतं.

आईनं ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "व्हय. मान्सं लई चांगली व्हती." आणि तिनं मला एक गोष्ट सांगितली, जी मी पन्नास वर्षांत तिच्या तोंडून ऐकली नव्हती.

तेव्हा माझा भाऊ वर्षाचा होता, मी झाले नव्हते. घरची मेंढरं तेव्हा पुष्कळ होती आणि सगळं घर मेंढरांमागं फिरत असायचं. ओतूरच्या बाजूला कुणाच्या तरी रानात मेंढरं बसवली होती. रात्रभर मेंढरं बसली की रानाला खत होतं, म्हणून शेतकरी बोलवायचे. तिथं भावाला ताप चढला, उतरेचना. माझे वडील मेंढरं सोडून निघू शकत नव्हते, म्हणून आई एकटीच पोराला घेऊन ओतूरच्या स्टँडवर आली आणि जुन्नरच्या गाडीत बसली. जन्मात पहिल्यांदा. खिडकीशी एक धोतर-टोपीतले गृहस्थ होते, त्यांच्या शेजारी रिकामी जागा होती, तिथं ती टेकली.

"मंग?"

"मंग ते कंडक्टरला हळूच कायतरी बोललं. कंडक्टर मला म्हनला, बाई, तुमी खाली बसा. दाराशी वारं लागंल पोराला."

"का?"

"आमच्या अंगाला वास यायचा ना मेंढरांचा. घोंगडीला यायचा. त्यांला तरास झाला आसंल." ती अगदी सहज म्हणाली. "पन कुनी शिवी दिली न्हाई बग. कुनी वरडलं न्हाई. एक बाई व्हती, तिनं पोराला बिस्कूट दिलं. लांबनं टाकलं पदरात, पन दिलं. त्या पावण्यानं सुदीक मला हात जोडल्यावानी केलं. अन् कंडक्टर मला 'तुमी' म्हनला. तवर मला कुनी 'तुमी' म्हनलं नव्हतं."

हे सांगताना तिच्या आवाजात दुःख नव्हतं. असतं तर मला बरं वाटलं असतं. तिच्या आवाजात अभिमान होता.

मी ओढणी धरून उभी होते, तशीच राहिले. त्या धोतर-टोपीवाल्या सभ्य गृहस्थाची मला जेवढी चीड आली तेवढी त्या पांढऱ्या शर्टवाल्याचीही आली नव्हती. पांढऱ्या शर्टवाल्याशी निदान मला भांडता आलं होतं. याच्याशी काय भांडणार? तो हळू बोलला होता. तो हात जोडून बोलला होता. आणि त्यानं माझ्या आईला असं काही शिकवून ठेवलं होतं की एवढी वर्षं झाली तरी ती भरलेल्या गाडीत शिरली की दाराजवळची फरशी शोधते. सीट मिळालीच तर एका कुल्ल्यावर बसते, पाठ टेकत नाही. हे तिचं बसणं मी लहानपणापासून बघत आले होते आणि मला वाटायचं ती साधी आहे. शिवाय मी स्वतः, शाळेच्या कार्यालयात वीस वर्षं नोकरी केलेली बाई, अजूनही गाडीत चढण्याआधी नकळत मनगट नाकाशी नेते. पावडर लावलेली असते, तरी नेते. त्याचं कारण मला त्या कठड्याजवळ कळलं. कळून उपयोग काय झाला, माहीत नाही. राग मात्र दुप्पट झाला आणि कुणावर काढायचा ते कळेना.

"आई, त्यांनी तुला खाली बसवलं," मी म्हणाले. "ते वळण नव्हतं."

"मंग काय व्हतं?"

मी ओढणी सावरून पुन्हा तिच्या डोक्यावर धरली.

थोड्या वेळानं एक वडापची जीप आली, आत दाटीवाटीनं माणसं. जीपवाल्यानं आईचा डोळा बघितला आणि पुढच्या सीटवरच्या माणसाला म्हणाला, "ए पावणं, माग लटका थोडं. आजीला पुढं घिऊ." तो माणूस कुरकुरला, पण मागं गेला. आम्ही शिनोलीला पोचलो. आई त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. माझ्या मालकांशी मात्र फोनवर बोलली, ऑपरेशन झ्याक झालं म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी सोडायला जायचं होतं. रिक्षाचं नाव काढलं तर आईनं पायात चपला घातल्या आणि थांब्याकडं चालायला लागली. गाडी आली. दारात कालच्याच कंडक्टर बाई. त्यांनी मला ओळखलं. माझ्याकडं बघत मोठ्यानं म्हणाल्या, "ताई, आज भांडन नको हां." आणि आत वळून ओरडल्या, "ए, उठा रे तिथनं, आजींना बसू द्या. कालच्या ताई हायेत या."

दोन जागा पटकन रिकाम्या झाल्या. उठलेला पोरगा दुसऱ्याच्या कानात काहीतरी बोलला आणि दोघे माझ्याकडं बघून हसू दाबायला लागले. मागं कुणीतरी विचारलं, "कोन ग ही?" आणि उत्तर आलं, "काल उतारली न्हाई का, ती." वीस वर्षं मी त्या गाडीनं जाते. वीस वर्षांत चार-दोन ओळखीच्यांपलीकडं मला कुणी ओळखलं नव्हतं. एका दिवसात मी भांडकुदळ बाई म्हणून भीमाशंकर ते मंचर माहीत झाले. आईला जागा मिळाली ती माणसांना वळण आलं म्हणून नव्हे, माझ्या तोंडाला घाबरून. हीच जागा काल अशी न मागता मिळाली असती तर, असं म्हणून मी बसले. बसले आणि रस्ताभर जळत राहिले.

कंडक्टर बाई तिकिटं काढून आमच्या सीटच्या दांडीला टेकल्या. आईनं त्यांना विचारलं, "सकाळधरनं हुबीच हायेस का ग?"

"व्हय आजी."

"पानी तरी पी की. ही बाटली घे."

"नको आजी. पानी प्यायलं की पंचाईत हुती. मधी कुठं जायची सोय न्हाई बायांना. ड्युटी संपल्यावर एकदम पिते." मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "काल मला बी वाईट वाटलं. पन मी एकाला गप केलं की दुसरा माझ्यावर येतो. मागच्या महिन्यात एकानं माझ्या हातातनं मशीन हिसकलं."

मी काहीतरी पुटपुटले. माफी मागितली नाही. मागायला हवी होती का, तेही नक्की ठरवता आलं नाही.

आठ दिवसांनी परत तपासणी. त्या दिवशी आईचा डोळा साफ झाला होता आणि तिला सगळं दिसत होतं. खिडकीतून दिसेल ते ती मोठ्यानं सांगत होती. कुणाच्या घराचा रंग, कुणाच्या दारातली म्हैस. तिला जागा मिळाली होती, मी शेजारी उभी होते. घोडेगावला माणसं उतरली, चढली, आणि तिच्या शेजारच्या रिकाम्या झालेल्या जागेवर, मी बसायच्या आत, एक माणूस येऊन बसला.

पांढरा शर्ट. खिशाला पेन. तोच.

त्यानं मला ओळखलं नाही, किंवा ओळखून न ओळखल्यासारखं केलं. मांड्या फाकून बसला, आई खिडकीला चिकटली. त्यानं फोन काढला, कुणाशी तरी दोन वाक्यं बोलला आणि मग आवाज पूर्ण ठेवून एकामागून एक व्हिडिओ बघायला लागला.  कुठून सुरुवात करावी याचा मी मनात विचार करत होते. मांड्या, फोन, की गेल्या वेळचं.

तेवढ्यात आई त्याच्या फोनात वाकून बघायला लागली. "ही कुठली हो मेंढरं?"

"आं?"

"ही मेंढरं. आपल्याकडची न्हाईत. शेपटी बगा केवढी."

तो दचकला. मग फोन तिच्याकडं वळवला. "परदेशातली हायेत आजी. ही बगा, मशीननं लोकर काढत्यात."

"अगं बया! बांधत न्हाईत व्हय पाय?"

"न्हाई. नुसतं धरायचं. थांबा, दुसरं दावतो."

आणि घोडेगावपासून मंचरपर्यंत त्या दोघांनी डोक्याला डोकं लावून मेंढरं बघितली. फोनचा आवाज तेवढाच मोठा होता. त्याच्या मांड्या तेवढ्याच फाकलेल्या होत्या. आई खदखदून हसत होती, तो तिला आमच्याकडच्या कातरणीचे प्रश्न विचारत होता आणि ती हातवारे करून सांगत होती. मी दांडीला लोंबकळत त्यांच्यावर उभी होते. 

उतरल्यावर आई म्हणाली, "बरं गेलं आज."

"बरं गेलं? आई, तो कोण होता माहीत आहे का तुला? तुला तेव्हा दिसत नव्हतं म्हणून. तो तोच होता. फोरव्हीलरवाला."

"वळखलं की."

"काय?"

"आवाजावरनं वळखलं. बसल्या बसल्या फोनवर बोलला न्हाई का तो."

मी स्टँडच्या मधोमध थांबले. "आणि तरी तू त्याच्याशी बोललीस?"

"मंग काय करू? मंचर येस्तवर शेजारी बसायचं व्हतं त्याच्या." तिनं माझ्याकडं नीट बघितलं, दोन्ही डोळ्यांनी. "तू लई वाळलीस ग. मला दिसतच नव्हतं."

दवाखान्यापर्यंत मी तिच्याशी वाद घातला. मी म्हणाले, असं केलं म्हणूनच ही माणसं सोकावतात. तू खाली बसत राहिलीस, हसून बोलत राहिलीस, म्हणून त्यांना कुणी अडवलं नाही. ती दुकानांच्या पाट्या बघत चालली होती. वाचता येत नाही तरी सगळ्या बघत होती. मधेच म्हणाली, "तू भांडलीस तवा कोन सुदरलं?" तिचं मला पटलं नाही. अजून पटलेलं नाही. तिच्याजागी मी असते तर त्या माणसाला फोन बंद करायला लावला असता. मेंढरं बघितली नसती.

महिना संपला आणि भाऊ तिला न्यायला आला. पिकअपमध्ये पुढं बसताना ती म्हणाली की पुढच्या तपासणीला ती राजुरीहून एसटीनंच येणार आहे, दोन गाड्या बदलाव्या लागल्या तरी. भाऊ माझ्याकडं बघून हसला. मी हसले नाही.

मी रोज जाते. गाडीत फोन वाजत असला तर अजून सांगते, आवाज कमी करा. कुणी करतं, कुणी कानाआड करतं. खिडकीतून पर्स टाकणं मी सोडलंय, त्यामुळं बहुतेक वेळा उभीच असते. गेल्या आठवड्यात घरी येताना कॉलेजातल्या एका मुलीला फोनचं सांगितलं तर ती म्हणाली, "काकू, तुमचं काय जातंय?" माझं काय जातं ते मला तिला सांगायचं होतं. बरंच मोठं उत्तर होतं. मी सुरुवात केली, पण तोवर शिनोली आली आणि मागची माणसं ढकलायला लागली.